काळ्या पट्ट्यांचे कोडे : रुंद पडदा आणि घरातले चित्रगृह

रविवारची दुपार आहे. घरातली सगळी मंडळी सिनेमा पाहायला बसली आहेत. टीव्ही चांगला ४३ इंची. सिनेमा सुरू होतो आणि चित्राच्या वर व खाली काळ्या पट्ट्या दिसू लागतात. "एवढा मोठा टीव्ही घेतला, आणि चित्र मात्र मधल्यामध्ये!" कोणीतरी कुरकुरते. रिमोटवरचे बटण दाबले जाते, पट्ट्या नाहीशा होतात, पडदा काठोकाठ भरतो. सगळे खूश! पण थोड्या वेळाने एक गंमत होते. पडद्यावर दोन माणसे समोरासमोर उभी राहून बोलत आहेत. आपल्याला मात्र दिसते ते एकाचे नाक आणि दुसऱ्याचा हात.

पट्ट्या होत्या तेव्हा चित्र पूर्ण होते. पट्ट्या गेल्या आणि चित्र अपुरे झाले. असे का व्हावे? हे कोडे सोडवायला थोडे गणित, थोडा प्रकाशशास्त्राचा धडा आणि पाण्याने भरलेला एक पेला एवढे साहित्य पुरे आहे. कोडे सुटले की घरात किंवा शाळेत छोटेसे चित्रगृह कसे मांडावे, तेही आपल्याला कळेल.

चौकटीचे गुणोत्तर

कोणत्याही चित्राच्या रुंदीला उंचीने भागले की जी संख्या येते, तिला आपण चौकटीचे गुणोत्तर म्हणू. जुन्या सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे. तिच्या दोन्ही कडांना भोके असत आणि एका चित्राला चार भोकांइतकी उंची मिळे. या मापात बसणारे चित्र सुमारे २४ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच होते. म्हणजे गुणोत्तर ४ : ३, किंवा १.३३. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, तो याच आकाराचा. पुढे सिनेमा बोलू लागला. आवाजाची पट्टी फिल्मवरच बसवावी लागली, तेव्हा चित्राचा आकार किंचित बदलून गुणोत्तर १.३७ झाले. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) हा या आकारातला. जवळजवळ चाळीस वर्षे जगभरचा सिनेमा याच चौकटीत राहिला.

मग १९५० च्या सुमारास अमेरिकेत घरोघर टीव्ही आले. टीव्हीची चौकटही सिनेमासारखीच ४ : ३ होती. घरबसल्या चित्र दिसू लागल्यावर लोक चित्रगृहात कशाला जातील? सिनेमावाल्यांनी ठरवले, घरात मावणार नाही असे चित्र दाखवायचे. पडदा रुंद करायचा!

कापसाची गाठ आणि सिनेमाची फिल्म

पण फिल्म तर तेवढीच, ३५ मिलिमीटरची. सगळ्या जगातले कॅमेरे आणि प्रोजेक्टर तिच्यासाठीच बनलेले. तेवढ्याशा जागेत दुप्पट रुंद चित्र कसे बसवायचे?

जालना, परतूर या भागातल्या मुलांना याचे उत्तर सहज सुचेल. जिनिंगमध्ये सरकी काढून झाल्यावर मोकळी रुई किती जागा अडवते! तशीच ती ट्रकमध्ये भरली तर थोडीच मावेल. म्हणून प्रेसमध्ये ती दाबून तिची गाठ बांधतात आणि गिरणीत पोचल्यावर गाठ सोडून पुन्हा मोकळी करतात. दाबली प्रवासापुरती, माल तोच.

चित्राचेही असेच करता येते, हे आंरी क्रेत्यें या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवले. त्याने कॅमेऱ्यापुढे लावायचे असे भिंग तयार केले, की जे दृश्याची रुंदी निम्मी करते, पण उंचीला हात लावत नाही. फिल्मवर सगळी माणसे काडीसारखी लांब आणि बारीक उमटतात. चित्रगृहात प्रोजेक्टरपुढे उलट काम करणारे भिंग लावले, की चित्र पुन्हा दुप्पट रुंद होऊन माणसे जशीच्या तशी दिसतात. हाच क्रेत्यें खगोलशास्त्रज्ञांनाही परिचित आहे. त्याने रिची या अमेरिकी शास्त्रज्ञाबरोबर बसवलेली आरशांची रचना हबल दुर्बिणीतही वापरली आहे.

क्रेत्येंचे भिंग बरीच वर्षे पडून राहिले. अखेर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने ते घेतले आणि सप्टेंबर १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला 'सिनेमास्कोप' चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला. सुरुवातीला त्याचे गुणोत्तर २.५५ होते. पुढे आवाजाच्या पट्टीला जागा द्यावी लागली आणि ते २.३५ वर स्थिरावले. आज ते थोडे वाढून २.३९ झाले आहे, पण बोलताना २.३५ असेच म्हणतात. आपणही तेच धरू.

पेल्याचा प्रयोग

हे भिंग तुमच्या घरातच आहे. सरळ उभ्या बाजूंचा, नक्षी नसलेला काचेचा पेला घ्या आणि पाण्याने भरा. कागदावर १ सेंमी रुंद आणि २ सेंमी उंच असे उभे अंडाकृती तोंड काढा. नाक-डोळेही काढा. कागद उभा धरून पेल्याच्या मागच्या बाजूला अगदी टेकवा आणि समोरून, पेल्याच्या मधोमध पाहा. अंडाकृती तोंड जवळजवळ गोल दिसेल! उंची तेवढीच, रुंदी मात्र सुमारे दुप्पट.

नेहमीचे भिंग सर्व बाजूंनी फुगीर असते, म्हणून ते रुंदी आणि उंची दोन्ही वाढवते. पेल्यातले पाणी दंडगोलाच्या आकाराचे आहे. ते आडव्या दिशेने वक्र आणि उभ्या दिशेने सरळ असते. त्यामुळे वक्रीभवनाने चित्र फक्त आडवे ताणले जाते. दुप्पटच का, याचेही गणित आहे. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. अशा दंडगोलाचे नाभीय अंतर मध्यापासून त्रिज्येच्या दुप्पट येते. कागद मध्यापासून एक त्रिज्या दूर, म्हणजे नाभीय अंतराच्या बरोबर निम्म्यावर. भिंगाच्या सूत्रात या किमती घालून पाहा, विशालन २ येते. सिनेमास्कोपचे विशालनही तेवढेच आहे.

आता कागद हळूहळू मागे न्या. तोंड आणखी पसरेल, मग पुसट होईल आणि पुढे डावे-उजवे उलटे दिसू लागेल. ते कोणत्या अंतरावर उलटते, हे मोजून वहीत लिहा.

रुंद पडदा भारतात येतो

भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९). त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांनी केले. त्यात एक प्रसिद्ध दृश्य आहे. ओसाड स्टुडिओ आहे, उंचावरून प्रकाशाचा जाड झोत तिरपा खाली येतो आहे आणि दोन माणसे एकमेकांपासून दूर उभी आहेत. तो झोत दिव्याचा नव्हता. मूर्तींनी बाहेरचे ऊन मोठ्या आरशांनी परावर्तित करून आत घेतले होते. रुंद चौकटीत ती दोन माणसे आणि त्यांच्यामधली रिकामी जागा एकाच वेळी दिसते. त्यांच्यातला दुरावा ती रिकामी जागाच सांगते. चित्रपट त्या वेळी चालला नाही, पण पुढे त्याची कीर्ती वाढत गेली. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळालेले ते पहिले छायाचित्रकार.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' लागला. तो ३५ मिमी फिल्मवर चित्रित करून नंतर ७० मिमी फिल्मवर मोठा केला होता. फिल्मच दुप्पट रुंद असल्यामुळे चित्र दाबण्याची गरज नव्हती. त्याचे गुणोत्तर २.२०. धावत्या आगगाडीच्या बरोबरीने घोडे दौडतात, तो प्रसंग आठवा. एका कडेला गाडी आणि दुसऱ्या कडेला घोडेस्वार. चौकट अरुंद असती, तर दोघे एकत्र दिसलेच नसते.

चित्रगृहात रुंद सिनेमा लागला की पडद्याच्या दोन्ही बाजूंची काळी झालर आणखी दूर सरके. उंची तीच राही आणि रुंदी वाढे. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणारेही होते. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या किंवा राजूरच्या गणपतीच्या यात्रेला लहानपणी गेलेले आजी-आजोबा तुमच्या ओळखीचे असतील. त्यांनी तंबूत सिनेमा पाहिला होता का, पडदा केवढा होता आणि चित्र किती रुंद होते, हे त्यांना जरूर विचारा.

टीव्हीची चौकट

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे टीव्ही ४ : ३ चे होते. २.३५ चा सिनेमा अशा टीव्हीवर काठोकाठ भरायचा, तर त्याचा फक्त १.३३ ÷ २.३५, म्हणजे सुमारे ५७ टक्के भाग दिसतो. उरलेला ४३ टक्के भाग कापला जातो. कितीतरी लोकांनी कितीतरी चांगले चित्रपट असे अर्धेमुर्धे पाहिले, आणि आपण काय पाहिले नाही हे त्यांना कळलेही नाही.

आजच्या टीव्हीची चौकट १६ : ९, म्हणजे १.७८ आहे. ही संख्या आली कोठून? ४/३ चा वर्ग करा : १६/९. घन करा : ६४/२७, म्हणजे २.३७. जुना सिनेमा, आजचा टीव्ही आणि रुंद सिनेमा या तीन चौकटी जवळजवळ भूमितीय श्रेढीत आहेत! अगदी जुने आणि अगदी रुंद, दोन्ही चित्रे दाखवताना जागा सारख्याच प्रमाणात वाया जावी, अशी ही मधली तडजोड आहे.

आता आपल्या ४३ इंची टीव्हीचे गणित करू. ४३ इंच हा कर्ण. पायथागोरसचे प्रमेय वापरले की रुंदी सुमारे ९५ सेंमी आणि उंची ५३.५ सेंमी येते. २.३५ च्या सिनेमाची पूर्ण रुंदी दाखवायची, तर उंची ९५ ÷ २.३५, म्हणजे सुमारे ४०.५ सेंमी हवी. उरलेले १३ सेंमी वर-खाली वाटले की प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटरची काळी पट्टी. कोडे सुटले! बटण दाबून पट्ट्या घालवल्या की चित्र वर-खाली वाढते, त्याच प्रमाणात आडवेही वाढते आणि दोन्ही कडांचा मिळून २४ टक्के भाग टीव्हीबाहेर जातो. जवळजवळ पाव सिनेमा!

'संत तुकाराम' लावला तर पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना येतील, प्रत्येकी सुमारे ११ सेंमीच्या. त्या घालवायला चित्र नुसते आडवे ताणले, तर सगळे ३० टक्के जाड होतील. तुकोबांना असे जाड करणे बरे नव्हे!

घरातले चित्रगृह

आता चित्रगृह मांडू. समजा, १२ फूट लांब आणि १० फूट रुंद खोली आहे आणि शाळेचा किंवा घरचा एक प्रोजेक्टर आहे.

पहिली गोष्ट अंधार. एक प्रश्न विचारतो. प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग कसा पाडतो? उत्तर : पाडतच नाही. काळा प्रकाश नसतोच. जेथे काळे हवे तेथे प्रोजेक्टर जवळजवळ काहीच टाकत नाही. म्हणून खोलीतल्या उजेडात भिंत जितकी पांढरी दिसते, तितकाच तुमचा 'काळा' पांढरा. समजा, प्रोजेक्टरचा प्रकाश ९०० लुमेन आहे आणि चित्र २ मीटर रुंद आहे. उंची १.१२ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे २.२५ चौरस मीटर. म्हणजे पांढऱ्या भागावर ४०० लक्स प्रकाश पडेल. खिडकीतून १०० लक्स उजेड येत असेल, तर पांढरा भाग ५०० आणि काळा भाग १००. फरक फक्त पाचपट. खिडकीला जाड कापड लावून तो उजेड २ लक्सवर आणला, तर फरक होतो सुमारे २०० पट. प्रोजेक्टर तोच आणि खर्च एका चादरीचा!

दुसरी गोष्ट पडदा. चकचकीत ऑइलपेंटची भिंत नको. ती आरशासारखी वागते आणि मधोमध चकाकी दिसते. चुन्याची किंवा मंद पांढऱ्या रंगाची सपाट भिंत प्रकाश सगळीकडे सारखा विखुरते. चादर टांगायची असेल तर ताणून बांधा आणि मागे गडद कापड लावा, नाहीतर प्रकाश पलीकडे निघून जातो. चित्राभोवती काळ्या कापडाची चार बोटांची चौकट करा. काळ्याशेजारी उजळ भाग अधिक उजळ भासतो.

तिसरी गोष्ट प्रोजेक्टरची जागा. 'अंतर भागिले चित्राची रुंदी' हे गुणोत्तर प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते १.५ असेल, तर ३ मीटरवरून २ मीटर रुंद चित्र मिळेल. प्रोजेक्टर तिरपा ठेवू नका. तिरपा ठेवला की किरणांना एका कडेपर्यंत जास्त अंतर जावे लागते, तेथे चित्र जास्त पसरते आणि आयताचा समलंब चौकोन होतो. तो बटणाने सुधारता येतो, पण त्यात चित्राचे काही बिंदू फुकट जातात. त्यापेक्षा स्टूल बदललेले बरे. चालू प्रोजेक्टरच्या भिंगात मात्र कोणीही डोकावायचे नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याची खोली आधीच तापलेली असते, तेव्हा प्रोजेक्टरच्या पंख्यासमोर हवा खेळती ठेवा.

चौथी गोष्ट बसण्याचे अंतर. चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर बसलो, तर चित्र डोळ्याशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते. चित्रगृहातल्या चांगल्या जागेवरून साधारण असेच दिसते. २ मीटरच्या चित्रासाठी अंतर ३ मीटर, आपल्या टीव्हीसाठी सुमारे दीड मीटर. जवळ बसल्याने चित्र फाटके दिसेल का? २ मीटर रुंदीत १९२० बिंदू असतील, तर एक बिंदू सुमारे १ मिमीचा होतो. ३ मीटरवरून तो जेमतेम १.२ कलांचा कोन करतो. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला.) निकोप डोळ्याला सुमारे १ कलेपर्यंतचे बारकावे कळतात. म्हणजे आपण अगदी सीमेवर आहोत, चिंता नको.

शेवटची गोष्ट आवाज. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवा. ती घुमते. भिंतींवरून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळला की संवाद कळत नाहीत. खाली सतरंजी घाला, मागच्या भिंतीवर गोधडी टांगा, कापसाच्या गाद्या उभ्या करा आणि पुन्हा टाळी वाजवा. कापसाच्या असंख्य पोकळ्यांत शिरलेला ध्वनी घर्षणाने विरून जातो.

डाव्या बाजूने येणारा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर फार तर अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक असतो, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. म्हणून स्पीकर दोनच असतील, तर ते चित्राच्या दोन्ही कडांना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि मधल्या माणसापासून सारख्या अंतरावर ठेवा. '५.१' असे लिहिलेल्या संचात समोर तीन, मागे किंवा बाजूला दोन आणि खर्जाच्या आवाजासाठी एक वेगळा स्पीकर असतो. दर सेकंदाला ५० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते, आपल्या खोलीहूनही मोठी. अशा आवाजाची दिशा कानाला कळत नाही, म्हणून खर्जाचा स्पीकर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

पाहायचे कसे?

चित्रगृहात सिनेमा रुंद झाला की पडदा मोठा होई. टीव्हीवर उलट होते. सिनेमा जितका रुंद, तितके चित्र बुटके! हा टीव्हीच्या चौकटीचा नाइलाज आहे. भिंतीवर मात्र प्रोजेक्टर थोडा मागे नेऊन चित्र हवे तेवढे रुंद करता येते. तेव्हा काळ्या पट्ट्या भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागावर पडतात आणि अंधारात कोणाला दिसतही नाहीत.

मग कडांकडे लक्ष द्या. माणूस मधोमध आहे की कोपऱ्यात? रिकामी जागा कोणाच्या बाजूला आहे? दार कोणत्या कडेला आहे, आणि तेथून कोणी येणार आहे का? दिग्दर्शकाने चौकट ठरवताना या प्रत्येक गोष्टीचा विचार केलेला असतो. कडा कापली की त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडल्यासारखे होते.

आज अनेक गावांतून चित्रगृह दूर आहे आणि तंबूही पूर्वीसारखे येत नाहीत. पुष्कळ मुलांना सिनेमा भेटतो तो घरच्या टीव्हीवर, मोबाइलवर किंवा शाळेच्या भिंतीवर. तेथे तो पूर्ण दिसावा की पाऊण, हे ठरवणारे आता आपणच आहोत. म्हणून शिक्षकांना एक विनंती. एखाद्या संध्याकाळी वर्गाच्या भिंतीवर जुना चांगला चित्रपट दाखवा. आजी-आजोबांनाही बोलवा. सुरू करण्यापूर्वी एका विद्यार्थ्याला पाण्याचा पेला घेऊन पुढे उभे करा आणि पट्ट्यांचे कोडे त्यालाच सांगू द्या. मग "पट्ट्या घालवा" असे कोणी म्हणणार नाही.

करून पाहा

१. तुमच्या टीव्हीची रुंदी आणि उंची मोजा. २.२० गुणोत्तराच्या 'शोले'ला किती सेंटिमीटरच्या पट्ट्या येतील?

२. पुठ्ठ्याच्या तीन चौकटी कापा : १.३३, १.७८ आणि २.३५. प्रत्येकीची उंची १० सेंमी ठेवा. प्रत्येकीतून शाळेचे मैदान पाहा. कोणत्या चौकटीत एकटा माणूस शोभतो आणि कोणत्या चौकटीत सबंध कबड्डीचा संघ?

३. मोबाइलचे चित्र १५ सेंमी रुंद आहे आणि तुम्ही ते ३० सेंमीवरून पाहता. डोळ्याशी होणारा कोन काढा. तो चित्रगृहातल्या कोनापेक्षा फार लहान आहे का? मग चित्रगृहात जास्त मजा का येते, याची दोन कारणे लिहा.